वकीलसाहेबांना कुठं उतरवायचं

सकाळी ठाण्यात ऑफिसच्या दारावरच्या मशीनने माझा अंगठा ओळखला नाही. मशीनच्या आतली बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी अंगठा पँटीला पुसून पुन्हा ठेवला. कृपया पुन्हा प्रयत्न करा. मग डाव्या हाताचा ठेवून बघितला, म्हटलं नवीन उमेदवार समजून तरी आत घेईल. तेवढ्यात वॉचमनने खुर्चीखालून एक कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत माझा चहाचा मग होता, ऑफिसात घालायच्या चपला होत्या आणि हात धुवायच्या साबणाची अर्धी बाटली होती. बाटली माझी नव्हती. तसं सांगितलं, तर वॉचमन म्हणाला, "साहेब, सगळ्यांच्या पिशवीत एकेक आहे." म्हणजे नोकरीवरून काढलं आणि वर हात धुवायचं सामान कंपनीकडून. इतका विचार करून केलेली गोष्ट त्या कंपनीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. फुटपाथवर उभं राहून मी मेल वाचली. 'घाट' हा खेळ कायमचा बंद करण्यात येत आहे, बाजाराला वेग हवा आहे, पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: चाचणीसाठी दिलेली सर्व यंत्रं यापुढे ज्या क्षणी नेटवर्कला जोडली जातील, त्या क्षणी आपोआप पुसली जातील. मला राग यायला वेळ लागतो. आधी हसू येतं, मग भूक लागते, मग राग. एसटीने जव्हारला पोचेपर्यंत हसून आणि खाऊन झालं होतं, आणि आता स्टँडबाहेर, मोखाडा करून पोशेऱ्याला जाणाऱ्या जीपच्या मधल्या सीटवर बसून मी तिसऱ्या गोष्टीची वाट बघत होतो.

जीप भरली नव्हती. आमच्याकडच्या जीपला वेळापत्रक नसतं, पोट असतं. भरलं की निघते. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी माणसं, मधे माणसं, मागे माणसं, त्यांच्या मांडीवर माणसं, आणि टपावर जी बसतात ती माणसं धरायची नाहीत असा नियम. ही जीप पूर्वी माझ्या बाबांची, मंगळू ड्रायव्हरची. आता चालवतो तो रोहिदास तेव्हा क्लीनर होता, मागे लटकून 'मोखाडा मोखाडा' ओरडायचा. बाबांच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात आणि डावा पाय कामातून गेला, तेव्हा जीप रोहिदासने घेतली. त्याने सीटची कव्हरं बदलली, पण पुढच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं 'गोरख' तसंच ठेवलं, कारण खरवडलं की काच खराब दिसते. त्यामुळे मी माझंच नाव असलेल्या गाडीत भाडं देऊन बसतो.

"काय रं गोरख, आज मधेच कसा?" रोहिदास तंबाखू मळत खिडकीशी आला. "सुट्टी का हाकलला?"

"हाकलला."

"बरं झालं. आज गावात पायजेच व्हतंस. तुमचा टॉवर चालू होनार. साहेब येनार हायेत फीत कापाया. तूच मागं लागलंतास ना?"

तिसरी गोष्ट तिथे आली. कानाच्या पाळ्यांपासून सुरू होऊन खाली पोटापर्यंत. कारण पुसली जाणार होती त्यांतलं एक यंत्र पोशेऱ्याला, आमच्या पाड्यात, बाबांच्या उजव्या हातात होतं. ते त्याला 'डबा' म्हणतात. दिसायला शाळकरी पोराच्या जेवणाच्या डब्याएवढंच, मधे पडदा, बाजूंना बटणं, आणि आत कंपनीने घातलेलं एक सिमकार्ड, देशभरातल्या लोकांनी एकमेकांशी शर्यत लावावी म्हणून. पोशेऱ्यात रेंज नसल्यामुळे ते सिम आत नुसतं झोपून होतं, आणि फुटपाथवर मेल वाचताना मी मनात म्हटलंही होतं, चला, आपल्या अविकसित भागाचा एकदा तरी उपयोग झाला. गावाच्या वरच्या टेकाडावर टॉवर केव्हाचा उभा होता, नुसता लोखंडाचा, त्यावर कावळे बसायचे. तो चालू करा म्हणून अर्ज मी लिहिले. टॉवरखाली उभा राहून व्हिडिओ मी काढला: नमस्कार, मी पोशेऱ्यातून बोलतोय, पण तुम्हाला हे ऐकू येत असेल तर मी मोखाड्यात आहे. तो व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. त्यांतल्या कुणीतरी मनावर घेतलं, आणि नेमकं आज. आता घरी फोन करून 'बाबा, डबा बंद करा' एवढं सांगितलं की झालं, पण फोन लागणार कसा? रेंज नाही. रेंज आली की लागेल, आणि रेंज आली की सांगण्यासारखं काही उरणार नाही. ही अडचण मी रोहिदासला समजावून सांगितली. त्याने तंबाखू तोंडात टाकली, विचार केला, आणि म्हणाला, "म्हंजे तुमीच अर्ज केला आनि तुमालाच नको?"

"आजच्या दिवस नको."

"मग तसा अर्ज करायचा," रोहिदास म्हणाला आणि माणसं बघायला गेला.

मी घामेजून बसलो. चैत्र संपत आला होता, सीटचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं, शेजारी टेम्पोत कलिंगडं उतरवत होते आणि प्रत्येक कलिंगडाला उतरवणारा एक चापट मारत होता. मला त्या प्रत्येक चापटीखाली प्रोड्युसरचं डोकं दिसत होतं. आमचा प्रोड्युसर भला माणूस होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण भल्या माणसावर चिडणं जास्त कष्टाचं असतं. मुलाखतीत त्याने विचारलं होतं, तू कुठला? मी म्हटलं, मोखाडा. तो म्हणाला, वा, तिकडे डोंगर आहेत ना? मी म्हटलं, आहेत. मला नोकरी लागली. हातात धरून खेळायचं एक नवीन यंत्र येणार होतं, त्याच्याबरोबर एक अस्सल देशी शर्यतीचा खेळ हवा होता, आणि डोंगराळ रस्त्यांवरच्या जीपगाड्यांची शर्यत ही कल्पना माझी. मी जव्हार-मोखाड्याचा रस्ता मोबाईलवर वळणावळणाने टिपला, ही जीप आतून-बाहेरून मोजली, हिचा हॉर्न रेकॉर्ड केला, जो दाबला की आधी खाकरतो आणि मग वाजतो. पहिल्या महिन्यात सगळे खूश. मग यंत्र बनवणाऱ्यांनी कळवलं की पडदा लहान केलाय. मग बैठक झाली आणि दरी काढून टाकली. दरी बसत नाही म्हणाले. घाट आहे आणि दरी नाही! मी विचारलं, मग गाडी पडणार कुठं? प्रोड्युसर म्हणाला, पडूच द्यायची नाही, सकारात्मक राहू. मग बटणं बदलली. मग ब्रेकचं बटणच राहिलं नाही, कारण चाचणीत शहरातली पोरं ते वापरत नव्हती. मग कुणीतरी म्हणालं की इथली स्थानिक संस्कृती दिसत नाही, तर रस्त्याच्या कडेला करवंदं विकणाऱ्या बायका बसवल्या, आणि करवंदाचा द्रोण उचलला की गाडीच्या मागून निळ्या ज्वाळा निघून ती सुसाट सुटायची. मी जन्मभर करवंदं खाल्ली आहेत. माझ्या मागून असं कधी काही झालेलं नाही.

आणि पेंग्विन. त्याचं असं झालं की, कंपनीने याआधी बर्फावरच्या शर्यतीचा एक खेळ करायला घेतला होता, तोही बंद पडलेला, आणि पैसे वाचवायला आमचा खेळ त्याच्याच सांगाड्यावर उभा केला होता. बर्फ पुसला, डोंगर घातले, पण त्या जुन्या खेळातला एक पेंग्विन काही केल्या निघेना. अमक्या वळणावर, वडाच्या झाडाखाली, तो उभाच. आम्ही त्याच्यावर महिनाभर माणसं लावली. एकदा काढला तर तो मोखाड्याच्या तहसील कचेरीसमोर उगवला. शेवटी प्रोड्युसरने त्याला 'माहीत असलेली त्रुटी' असं नाव दिलं आणि विषय मिटवला. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरचं पदनाम पण साधारण याच वजनाचं होतं.

तेवढ्यात जीप हलली. रोहिदासने गिअर टाकला, मागचं दार कुणीतरी आपटलं, मी म्हटलं सुटलो. जीप स्टँडला एक वळसा घालून पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली. हे मला माहीत असायला हवं होतं. गाडी निघाली असं वाटलं की रेंगाळणारी माणसं धावत येतात, म्हणून वळसा मारायचा, ही बाबांचीच युक्ती. माणसं धावत आलीही. त्यांत हौशीमावशी होती, पाड्यातलीच, टोपलीत दोन कोंबड्या घेऊन. ती माझ्यात आणि दारात घुसली, टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "गोरख, बारीक झालंस रं. बरं झालं, जागा झाली." जामसरच्या बाजूने आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं पुढे चढलं. मग खरंच निघालो. मी मनातल्या मनात करवंदांचा द्रोण उचलला. निळ्या ज्वाळा निघाव्यात, रोहिदासने टॉप गिअर टाकावा, झाडं मागे पळावीत. आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर शर्यत लावायची होती, आणि प्रतिस्पर्धी होता एक लोखंडी टॉवर, जो हलत नव्हता तरी पुढे होता.

गाव संपता संपता रोहिदासने पहिला ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता, हातही वर केला नव्हता, नुसता उभा होता. "बसनार का?" "नाय, पोराची वाट बघतोय." "बरं." पुन्हा पहिला गिअर. पुढच्या उतारावर दोन बाया. मग एक सायकल, जिला टपावर चढवण्यात बराच वेळ गेला. मी म्हटलं, "रोहिदासदादा, जरा उरक ना." तो आरशातून म्हणाला, "उरकतोच हाय. माणसं हायेत." हे वाक्यही बाबांचंच. मला एकदम ऑफिसातली एक बैठक आठवली आणि चीड नव्याने वर आली. कंपनीला खरा ग्रामीण ग्राहक तपासायचा होता, म्हणून मी डबा घरी आणला. बाबांचा डावा हात चालत नाही, म्हणून त्यांच्या डब्यात मी सगळी बटणं उजव्या बाजूला आणली होती, ब्रेकसुद्धा परत घातला होता. त्यांनी पडद्यावरची जीप बघितली, काचेवरचं 'गोरख' वाचलं, खाकरणारा हॉर्न दाबला, आणि कितीतरी वेळ नुसता हॉर्नच वाजवत बसले. आई चुलीपुढून ओरडली, "गाडी ईकली तरी गाडीतून उतरंना हा मानूस!" मग ते चालवायला लागले. रस्त्याच्या कडेला मी शोभेला माणसं उभी केली होती, पाड्यातल्यांचे फोटो घेऊन त्यांचेच चेहरे लावलेली. एक पांढऱ्या टोपीचा, एक पाटी घेतलेली बाई, एक माझी आई. शर्यतीच्या खेळात अशी माणसं नुसती मागे जायची असतात. बाबांनी पहिल्या माणसापाशी गाडी थांबवली. दार उघडायचं बटण शोधलं. नव्हतं. मला म्हणाले, "दार कुठंय?" मी म्हटलं, "बाबा, ही शर्यत आहे." "कोनाशी?" "दुसऱ्या गाड्यांशी." त्यांनी पुढे सुसाट गेलेल्या गाड्यांकडे बघितलं. "रिकाम्याच चालल्यात की," म्हणाले, "यांला परवडतं कसं?" मागून एक गाडी आली तर त्यांनी बाजू देऊन तिला पुढे जाऊ दिलं. शेवटी रेषेपाशी झेंडा होता, तिथे पोचले तेव्हा बाकीच्या गाड्या कधीच पोचून खेळ आपोआप संपायला लागला होता, आणि पडद्यावर आलं, तुम्ही शेवटचे आलात. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "माणसं राह्यली मागं," एवढंच बोलले, आणि संध्याकाळचे जेवले नाहीत.

मी ठाण्याला जाऊन दार केलं. दार, बसणं, उतरणं, गाडी भरल्याशिवाय शर्यत सुरू न होणं. सुट्टीच्या दिवशी जाऊन केलं, चहा माझा. बैठकीत दाखवलं. प्रोड्युसर म्हणाला, हे गोड आहे. मग म्हणाला, पण खेळाडू थांबतोय. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, शर्यतीत. मी म्हटलं, माणसं उभी आहेत म्हणून. तो म्हणाला, गोरख, ती माणसं नाहीत, ती सजावट आहे. मी म्हटलं, सर, माणसंच आहेत ती. अर्धा तास आम्ही दोघं शिकलेले लोक यावर भांडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार काढलं, आणि पुन्हा कुणाला थांबावंसं वाटू नये म्हणून कडेची सगळी माणसंही काढली. रस्ता मोकळा झाला. मग तो मोकळा रस्ता शहरातल्या पोरांना खेळायला दिला, आणि त्यांनी लिहून दिलं की जागा खोटी वाटते, कुणी राहतच नसल्यासारखी. यावर पुन्हा बैठक. आणि आता बंद. बाजाराला वेग हवा आहे! त्या माणसांची आणि दाराची एकच प्रत शिल्लक राहिली होती, बाबांच्या डब्यात, कारण ती मी कंपनीला न सांगता घातली होती. गेलं वर्षभर बाबा सकाळी भाकरी खाऊन ओट्यावर बसतात आणि जव्हार ते मोखाडा फेऱ्या मारतात. हात लुळा पडल्यापासून घरात गप्प पडून असलेला हा माणूस आता संध्याकाळी आईला सांगतो, आज बाजारच्यामुळं गर्दी व्हती. पेंग्विनसुद्धा त्यांनी दार मिळालं त्याच दिवशी वडाखालून उचलला. काळा कोट, पांढरा सदरा, म्हणून त्याला म्हणतात वकीलसाहेब. तो चढतो, पण उतरतच नाही. त्याचा थांबा मी कुठं ठेवलेलाच नव्हता. बाबा म्हणायचे, "तारखेला चाललं असंल कोर्टात. इचारू नये."

मोखाड्यात जीप रिकामी झाली आणि पुन्हा भरायला लागली. मी खाली उतरून उगाच बोनेटभोवती फिरलो. फीत कापणाऱ्या साहेबांचं काय, असं मी पानटपरीवर विचारलं. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की येत नाहीत. शाळेच्या खोलीला आले नाहीत, पाण्याच्या टाकीला आले नाहीत, एकदा तर पाहुण्यांची वाट बघून बघून स्वागताला आणलेला नारळ पोरांनी फोडून खाल्ला. माझी सगळी भिस्त आता सरकारी दिरंगाईवर होती. जन्मभर जिच्याविरुद्ध मी अर्ज लिहिले, तिच्यासाठी मी मोखाड्याच्या नाक्यावर हात जोडायचेच बाकी ठेवले होते. टपरीवाला म्हणाला, "साहेब? ते तर मघाशीच गेले वर. येळेच्या आधी आले. लय चांगला मानूस, म्हने येळेला पक्का."

मला त्या साहेबाचा इतका संताप आला. इतक्या वर्षांत एकही अधिकारी वेळेवर येत नाही आणि हा येतो, आज, आधी! असल्या लोकांमुळे कुणावर भरवसा ठेवायची सोय राहिली नाही. जीपमध्ये परत बसलो तोवर माझी जागा गेली होती, मी हौशीमावशीच्या टोपलीसकट अर्ध्या सीटवर. रोहिदास निघाला. चढावर त्याने पुन्हा ब्रेक दाबला, कडेला एक बाई लाकडांची मोळी घेऊन उभी होती, आणि मी ओरडलो. "थांबू नको! जाऊ दे तिला, मागून येईल की दुसरी गाडी!"

रोहिदासने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चिडून नाही, जरा ओळख पटत नसल्यासारखं. सकाळी त्या मशीनने माझ्या अंगठ्याकडे असंच पाहिलं असणार. मोळी टपावर गेली, बाई मागे बसली.

तेव्हा फोन वाजला. पडद्यावर आलं: घर. हे नाव माझ्या फोनवर कधीच उगवलेलं नव्हतं. बाबांकडे साधा बटणांचा फोन आहे, मी त्याचं रिचार्ज मारत असतो आणि ते त्याचा विजेरी म्हणून वापर करतात.

"हॅलो! हॅलो! गोरख? आलं! आलं रं, रेंज आलं!" मागे हलगी वाजत होती, पोरं ओरडत होती. "साहेबांनी फीत कापली, मी म्हनलं पैला फोन गोरखला. तुजं काम हाय हे. ऐकाया येतं ना?"

"येतं, बाबा. डबा कुठंय?"

"मांडीवं. चालूच हाय. आनि बग, त्याच्याव वर लाल पट्टी आलीय. पुढं पुढं सरकतंय. इंग्रजीत काय तरी लिवलंय."

"बंद करा! बाबा, वरचं गोल बटण, दाबून धरा. आत्ता. तो पुसला जातोय. खेळ, गाडी, सगळं पुसलं जाणार आहे, कंपनीने बंद केलंय ते. आधी बंद करा, मी येतोच आहे, मग बघू काय ते."

पलीकडे हलगीच वाजत राहिली. मग बाबा म्हणाले, "मधेच?"

"हो, मधेच!"

"गाडी भरलेली हाय रं."

मी कपाळाला हात लावला. माझ्या मांडीवरच्या कोंबडीने मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. "बाबा," मी म्हटलं, "ती खरी माणसं नाहीत."

हे वाक्य कुणाचं, ते मला बोलून झाल्यावर कळलं. जीपमधल्या बाकी लोकांना यातलं काही कळत नव्हतं, पण हौशीमावशीने माझ्या कोपरापासून स्वतःचा हात काढून घेतला.

"तूच म्हनलंतास हायेत म्हनून," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "चेहरेबी त्यांचेच लावलंस. आता वळणावं उतरवू त्यांला? उनाचं?"

मागून आईचा आवाज आला, "कोन हाय ते? गोरख काय? त्याला सांग, मी हितं भाकरी थापतंय आनि तुजा बाप मला गाडीत पुढं बशवून हिंडवतोय, लोक हासतात मला!"

"किती राहिलीय पट्टी?" मी विचारलं.

"अर्धी झाली. आता कमी राह्यली."

"मग चालवा," मी म्हटलं. "जोरात चालवा, बाबा. कुठं थांबू नका."

"थांबल्याबिगर उतरवू कसं?" असं म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला असावा, कारण आवाज लांब गेला, पण बंद झाला नाही. मी कान दाबून ऐकत राहिलो. इकडे खरी जीप उतरणीला लागली होती, तिकडे बाबा घाट चढत होते. खाकरून हॉर्न वाजला, आणि क्षणभर मला कळेना की तो कुठल्या कानात वाजला. बाबांचं पुटपुटणं येत होतं. उतरा मामा, सावकाश. पाटी घ्या. पाय जपून. ए, दार लाव गं. चैती, तू बस, तुला घराकडं सोडतो. चैती म्हणजे माझी आई. त्यांनी एकालाही घाई केली नाही. मला ती लाल पट्टी डोळ्यांसमोर दिसत होती, तिचं मोजमाप मीच तयार केलेलं होतं, पहिल्या महिन्यात, मला तेव्हा अशा किरकोळ गोष्टी द्यायचे. कुठल्याही खेळाला लागू पडेल अशी सुबक पट्टी, गोल कोपऱ्यांची. छान झालीय म्हणाले होते. आता ती माझ्याच आईला उतरू देते की नाही, याच्याकडे मी दात-ओठ खात कान लावून बसलो होतो, आणि मला त्या दारावरच्या मशीनचा, साबणाच्या बाटलीचा, शुभेच्छांचा, वेळेवर आलेल्या त्या साहेबाचा, सुबक गोष्टी करणाऱ्या सगळ्या जगाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हौशीमावशी म्हणाली, "धूळ लय आज."

"हॅलो, गोरख."

"बोला."

"सगळी उतरली. चैतीबी उतरली घराकडं." दम लागल्यासारखा आवाज होता, उतारावर ब्रेक दाबून पाय दुखल्यासारखा. "वकीलसाहेब राह्यलंत एकलंच. पट्टी आता येवढीशी हाय. त्यांला कुठं उतरवू?"

वडाखाली म्हणावं, तर तिथूनच त्याला उचललेला. तहसील कचेरी म्हणावं, तर तिथून आम्हीच त्याला हाकललेला. बर्फ तर कधीच पुसून टाकला होता.

"बाबा," मी म्हटलं, "दार उघडून ठेवा."

"ठेवलंय. उतरंना. हितं तिथं बघतंय नुसतं." मग बाबा हळूच म्हणाले, "गेलं. काळं झालं सगळं." हलगीवाले थांबले होते, आता कुणीतरी माईकवरून साहेबांचे आभार मानत होतं. "दार उघडंच व्हतं," बाबा म्हणाले. "उतरलं का नाय, ते नाय दिसलं."

"उतरला असेल."

"तुज्या कंपनीचाच मानूस ना तो? मग कंपनीला इचारून घे. आपल्या गाडीत व्हता म्हनून सांग. उगा नाव नको यायला."

फोन ठेवला. रोहिदासने पुन्हा ब्रेक दाबला होता. कडेला करवंदांची पाटी घेऊन एक मुलगी उभी होती आणि मागच्या सीटवरचे लोक सरकून जागा करत होते. मी हौशीमावशीकडे सरकलो, तिने या वेळी हात काढून घेतला नाही. फोनवर रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. सकाळची मेल उघडली. तिच्याखाली लिहिलं होतं, कृपया या मेलला उत्तर देऊ नये. मी उत्तर दिलं.

महोदय, आपले वकीलसाहेब आमच्या गाडीत होते. त्यांना कुठं उतरवायचं होतं ते त्वरित कळवावं. गाडी थांबवून ठेवली आहे.